फेसामागची काकवी

१९८६ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी स्लरीचा पहिला कॅन आला, तेव्हा त्यात काकवी आहे असे समजून मी त्याचे झाकण उघडले होते. यात माझी फारशी चूक होती असे मला आजही वाटत नाही. आमचे गाव सांगली जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातले. चहूकडे ऊस. गुऱ्हाळे बंद होत आली की कुणाकडून तरी काकवीचा डबा यायचा आणि पुढचे महिनाभर आम्ही भावंडे भाकरीबरोबर, चपातीबरोबर, काही नाही मिळाले तर नुसत्या बोटाने काकवी खात असू. कॅनमधला पदार्थ तसाच दाट, तपकिरी, कडेने ओघळून सावकाश खाली येणारा. फक्त वास वेगळा होता. रॉकेलच्या जवळपासचा, नाकात टोचणारा.

आईने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले आणि ती ओरडली, "हात लावू नकोस, ॲसिड आहे ते!"

माझे बोट वाचले. आईचा हात वाचला नाही. ती हकीकत पुढे येईलच, पण आधी हा कॅन आमच्या पडवीत आला कसा ते सांगायला हवे.

त्या वर्षी तालुक्याच्या गावी महिलांसाठी धुण्याची पावडर करायला शिकवणारा आठ दिवसांचा वर्ग भरला होता. वर्ग कुणी भरवला होता हे आता सांगण्यात अर्थ नाही. भरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. आई, शेजारच्या आक्का, समोरच्या काकू आणि काकूंची धाकटी सून, म्हणजे आमची वहिनी, अशा चौघी रोज एस.टी.ने जाऊन तो वर्ग करून आल्या. त्या काळात घरोघरच्या बायकांना पावडरीच्या धंद्याचे मोठे आकर्षण होते आणि त्याला कारणही होते. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये घरच्या अंगणात पावडर मिसळून, सायकलवर घालून दारोदार विकायला सुरुवात केली होती. ते सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि हा उद्योग ते नोकरी सांभाळून करत. मुलीच्या नावावरून त्यांनी पावडरीला नाव दिले, निर्मा. मोठ्या कंपनीच्या पावडरीच्या किमतीच्या एका अंशात ती मिळत असे. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत या पिवळ्या पावडरीने भल्याभल्यांना मागे टाकले. अंगणात सुरू झालेला धंदा एवढा वाढू शकतो, तर आपल्या पडवीत निदान चार पैसे का मिळू नयेत, असा हिशेब गावोगावच्या बायकांनी केला. आमच्या घरातल्या चौघींनी प्रत्येकी तीनशे रुपये घातले.

आईची त्या वर्गातली वही अजून माझ्याकडे आहे. दुरेघी वही, निळी शाई, आईचे गोल अक्षर. 'दहा किलोसाठी' असे वर लिहून खाली : सोडा पाच किलो, स्लरी सव्वा किलो, मीठ दोन किलो, डोलोमाइटची भुकटी दीड किलो, रंग, वास, टिनोपाल चिमूटभर. त्याच्याखाली कृती. सोडा पसरावा, स्लरी हळूहळू घालावी, फावड्याने हलवावे, रात्रभर पसरून ठेवावे, सकाळी चाळावे. पापडाच्या पिठाची कृती लिहावी तसे सगळे नीट लिहिले आहे. हातमोजे हा शब्द त्या वहीत नाही. चष्मा नाही. जवळ पाण्याची बादली भरून ठेवावी असेही नाही. मी ती पाने अनेकदा वाचली आहेत. आई वर्गात काही लिहून घ्यायचे विसरली असेल का, असेही मनात आले. पण 'वास विकत घेताना बाटली हुंगून घ्यावी' इतके बारीक जिने टिपून घेतले, ती ॲसिडाबद्दलची सूचना विसरली असेल, हे मला पटत नाही.

कामाची पद्धत अशी होती. पडवीत मोठा प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा. त्यावर सोड्याचा ढीग करायचा. गवंडी सिमेंट कालवताना करतो तसे मध्ये आळे करायचे आणि त्यात थोडी थोडी स्लरी ओतत फावड्याने खालीवर करायचे. सोडा आणि स्लरी एकत्र आले की ढीग आतून फसफसतो, फुगतो आणि गरम होतो. आक्का त्याला 'पोराला ताप आलाय' म्हणत. सोड्याची भुकटी उडून चौघींना शिंकांवर शिंका येत. तोंडाला पदर बांधलेला असे, तेवढाच बंदोबस्त. सकाळी थंड झालेली पावडर चाळून वजन करायची आणि पिशव्यांत भरायची. पिशव्यांची तोंडे मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून चिकटवण्याचे काम माझ्याकडे होते. ज्योतीला जरा जास्त जवळ गेली की पिशवीला भोक पडे आणि माझ्या हिशेबातून पाच पैसे वजा होत!

विकायला गेले की प्रश्न एकच. "फेस येतो का हो?" कपडे निघतात का, हात खराब होतात का, असे क्वचितच कुणी विचारी. आई मग पिशवीतून एक छोटी बाटली काढी, तीत पाणी आणि चिमूटभर पावडर घालून खळखळा हलवी आणि बाटली फेसाने भरली की गिऱ्हाईक पटे. फेस म्हणजेच स्वच्छता ही आपली श्रद्धा फार खोल आहे. पुढे रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर मी वर्गात दरवर्षी सांगत आले की फेसाचा आणि मळ निघण्याचा संबंध फार थोडा आहे. फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पापुद्र्यात अडकलेली हवा. कपडे धुण्याच्या यंत्रासाठी तर मुद्दाम कमी फेसाची पावडर करतात आणि कपडे स्वच्छच निघतात. मुली हे लिहून घेतात, परीक्षेत लिहितात आणि घरी गेल्यावर बादलीत फेस आला नाही तर आणखी एक चमचा पावडर घालतात. मीही घालते. असो.

मळ निघतो तो वेगळ्याच कारणाने. पाणी आणि तेल यांचे जमत नाही हे फोडणीच्या कढईत पाण्याचा थेंब पडला की कळते. कपड्यावरचा मळ बहुतेक तेलकट. अंगाचा घाम, तेल, त्याला चिकटलेली धूळ. नुसते पाणी त्याच्यावरून घसरून जाते. तिथे मध्यस्थ लागतो आणि हा मध्यस्थ असा की ज्याचे एक टोक पाण्याशी सलगी करते आणि दुसरे टोक तेलाशी. माशासारखा आकार मनात आणा : डोके पाण्यात रमणारे, लांब शेपूट तेलात घुसणारे. असे लाखो मासे मळाच्या थेंबाभोवती जमतात, शेपट्या आत खुपसतात, डोकी बाहेर ठेवतात आणि त्या थेंबाला कपड्यावरून उचलून पाण्यात घेऊन जातात. इंग्रजीत अशा पदार्थांना सरफॅक्टंट म्हणतात. मराठीत त्यांना पृष्ठक्रियाकारक असे भारदस्त नाव आहे, पण ते पाठ्यपुस्तकातच बरे दिसते.

हा मध्यस्थ काही कारखान्यांनी पहिल्यांदा शोधला असे मात्र नाही. आमची आजी पैठणी आणि सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात धूत असे, डोक्याला शिकेकाई लावत असे. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन नावाचे जे द्रव्य असते ते याच जातीचे. साबण हाही याच जातीचा, तेल आणि कॉस्टिक यांच्यापासून केलेला. पण साबणाची एक मोठी अडचण होती, आणि ती आमच्या भागातल्या प्रत्येक बाईला माहीत होती. विहिरीचे पाणी जड. त्यातले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला पकडतात, त्याचा पांढरा चिकट साका होतो आणि तो साका कपड्यावरच बसतो. बार झिजतो, फेस येत नाही, पांढरे धोतर पिवळट पडत जाते. पावडरीला जड पाण्याचा त्रास पुष्कळच कमी होतो. घराघरांत पावडर शिरली ती नुसत्या जाहिरातींमुळे नव्हे. बोअरच्या पाण्याने तिला वाट करून दिली.

आणि पावडरीतला खरा काम करणारा पदार्थ म्हणजे ती काकवी. सोडा, मीठ, डोलोमाइट ही सगळी भरती. (सोडा थोडी मदत करतो, डोलोमाइट मुख्यतः वजन वाढवते, हे खरे सांगून टाकावे.) तिचे पूर्ण नाव लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनिक ॲसिड. एवढे नाव कोण घेणार? म्हणून बाजारात ॲसिड स्लरी, आणि कामाच्या ठिकाणी नुसती स्लरी. ती आम्ल आहे तोवर जाळते. सोड्याने शमली की तिचा क्षार होतो आणि तोच आपल्या बादलीत फेस धरतो. हे शमणे पुरते झाले तर पावडर. अर्धवट राहिले तर ढिगात कुठे तरी एखादा तपकिरी गोळा लपून राहतो आणि चाळणाऱ्याच्या बोटांना लागतो.

ऑगस्टमध्ये अपघात झाला. पावसाची झड होती, उजेड कमी. तिसरा कॅन उघडला होता. पहिले दोन आणले होते त्यापेक्षा दुसऱ्या दुकानातून, जरा स्वस्त मिळाला म्हणून आणलेला. आज मला कळते की लहान कारखान्यांत ही स्लरी गंधकाम्लाच्याच एका जहाल प्रकाराने, ओलियमने करत. काम झाल्यावर उरलेले गंधकाम्ल त्यातून वेगळे काढावे लागते आणि ते जितके नीट काढले तितका माल चांगला. स्वस्त मालात मोकळे गंधकाम्ल जास्त राहते. हे त्या दिवशी पडवीत कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. कॅनवर कागद चिकटवलेला नव्हता, धोक्याची खूण नव्हती, दुकानदाराने काही सांगितले नव्हते.

आईने कॅन तिरका केला. दाट पदार्थ अरुंद तोंडातून पडताना आत हवा शिरायला एकदम गचका बसतो. तसा बसला आणि भसकन उसळलेली स्लरी तिच्या उजव्या हातावर, मनगटापासून करंगळीपर्यंत पडली. ती लगेच भाजत नाही, हेच वाईट. आईने पदराने हात पुसला आणि काम पुढे चालू ठेवले. पुसल्याने ती बोटांच्या बेचक्यांत आणखी पसरली. चार-पाच मिनिटांनी आईने फावडे खाली ठेवले.

मी नववीत होते. विज्ञानाच्या तासाला नुकतेच आम्ल आणि आम्लारी झाले होते. दोन्ही एकत्र केली की क्षार आणि पाणी तयार होते, दोघांचाही दाहकपणा जातो. मला शंभरपैकी ब्याण्णव मार्क होते. आक्का "खोबरेल आणा" म्हणत होत्या, वहिनी हळद आणायला आत पळाली होती, आणि मी सगळ्यांना बाजूला सारून मूठभर सोडा घेतला, पाण्यात कालवला आणि आईच्या हातावर थापला. तो फसफसला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे फसफसला म्हणून मला क्षणभर आनंद झाला, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

आई हूं की चूं न करता बसून होती. ते शमताना उष्णता निघते, आणि भाजून ओल्या झालेल्या कातडीवर सोडा स्वतःही झोंबतो, खातो. हे पुस्तकाच्या त्या धड्यात नव्हते. काय करायला हवे होते? पाणी. नुसते पाणी, भरपूर, वाहते, निदान पंधरा-वीस मिनिटे. दोन-चार थेंब घातले तर आम्ल तापते, पण धार सोडली तर ते पातळ होऊन वाहून जाते. पडवीपासून दहा पावलांवर आमचा आड होता आणि त्याच्यावर रहाट होता.

तालुक्याच्या डॉक्टरांनी हात पाहिला. "यावर काय लावलं होतं?" त्यांनी विचारले. मी आईच्या मागे उभी होते. "मीच लावला सोडा," आई म्हणाली, "वाटलं, ॲसिडाला बरा." घरी आल्यावरही तिने कधी विषय काढला नाही. जखम भरायला दीड महिना लागला. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत ओढले गेले ते कायमचे. तेव्हापासून आई भाकरी थापते ती हाताच्या कडेने न थापता तळव्याने, आणि ती जरा जाड होते. आम्हाला तीच सवय झाली.

धंदा तरीही आणखी तीन वर्षे चालला. स्लरी डोलाने काढायची, हातांना दुधाच्या पिशव्या बांधायच्या आणि जवळ भरलेली घागर ठेवायची, हे नियम आईनेच केले. पुढे मोठ्या कंपन्यांनीही स्वस्त पावडरी आणल्या, रुपया-दोन रुपयांच्या पुड्या किराणा दुकानात लटकू लागल्या आणि १९८९ च्या दिवाळीत चौघींनी हिशेब करून तराजू विकला. प्रत्येकीला घातलेले तीनशे परत मिळून वर अकराशे मिळाले. तोटा झाला नाही, असे आई अजून अभिमानाने सांगते.

मी रसायनशास्त्र घेतले. हट्टाने घेतले म्हणा. एम.एस्सी.ला असताना या काकवीची कुळकथा पहिल्यांदा पूर्ण वाचली आणि ती मला एखाद्या कादंबरीसारखी वाटली.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा आणि तेलाचा तुटवडा पडला. खायलाच मिळेना तर साबणाला कुठून? तेव्हा बी.ए.एस.एफ. कंपनीतल्या फ्रिट्झ ग्युंथर या रसायनज्ञाने चरबीवाचून, डांबरातून मिळणाऱ्या पदार्थांपासून धुण्याचे द्रव्य केले. ते तितकेसे चांगले धूत नसे, पण वाट सापडली. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलाचा पूर आला. अमेरिकेत १९४६ मध्ये 'टाइड' बाजारात आली आणि दहा-बारा वर्षांत तिकडच्या घरांतून धुण्याचा साबण जवळजवळ हद्दपार झाला. त्या वेळी बहुतेक पावडरींत जे अल्किल बेंझिन वापरत ते आजच्या काकवीचे थोरले भावंड. डोके तेच, पण शेपटीला फांद्या फुटलेल्या. करायला सोपे, स्वस्त आणि धुण्यात एक नंबर.

मग नद्या फेसाळू लागल्या. इंग्लंडमध्ये, जर्मनीत, अमेरिकेत बंधाऱ्यांखाली फेसाचे डोंगर उभे राहिले. वाऱ्याने फेसाचे गोळे उडून रस्त्यांवर येत. अमेरिकेत काही ठिकाणी तर नळ सोडला की प्यायच्या पाण्याला फेस येई. शोध घेतल्यावर कारण निघाले ते त्या फांद्यांत. सांडपाण्यातले जंतू हे द्रव्य खातात, पण ते शेपटीच्या टोकापासून दोन-दोन कार्बनचा तुकडा तोडत खातात. आपण ऊस खातो तसे, कांडी कांडीने. सरळ ऊस असेल तर खाणारा मुळापर्यंत जातो. त्याच्या जागी बाभळीची फांदी हातात दिली तर? पहिल्या काट्यालाच तोंड मागे घेतो. जंतूंचेही तेच झाले. द्रव्य न पचता नदीत जात राहिले.

पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि १९६४ पासून तो अंमलात आणला : जे जंतूंना पचत नाही ते धुण्याच्या द्रव्यात चालणार नाही. अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ च्या मध्यापर्यंत स्वतःहून बदल केला. फांद्यांची शेपटी गेली, सरळ शेपटी आली. 'लिनिअर' या शब्दाचा अर्थ एवढाच, सरळ. आज ही सरळ शेपटी केरोसीनमधून काढतात. त्यातल्या दहा ते तेरा कार्बनच्या सरळ साखळ्या निवडून घ्यायच्या, त्यांना बेंझिन जोडायचे, आणि मग गंधकाचा संस्कार करायचा की काकवी तयार. म्हणजे माझ्या नाकाला त्या दिवशी रॉकेलचा वास आला तो उगीच नव्हता! आपल्याकडे गुजरातेत वडोदऱ्याला, चेन्नईजवळ मनालीला आणि आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला याचा कच्चा माल तयार करण्याचे मोठे कारखाने उभे राहिले. साबण सोडला तर जगात सर्वात जास्त खपणारा हा सरफॅक्टंट आहे.

मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात रसायनज्ञांनी आपली चूक कबूल केली आणि दुरुस्त केली. असे नेहमी घडत नाही. मी विद्यार्थ्यांना ती रंगवून सांगत असे आणि शेवटी म्हणत असे की आता हे द्रव्य नदीला त्रास देत नाही.

हे वाक्य मी २०२४ पासून बंद केले.

त्या वर्षी हिवाळ्यात आईला आळंदीला घेऊन गेले होते. ती तेव्हा ऐंशीची. दर्शन झाले आणि तिने इंद्रायणीवर नेण्याचा हट्ट धरला. घाटावर गेलो तर बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याखाली पांढऱ्याशुभ्र फेसाचे ढीग तरंगत होते. लांबून कापूस पिंजून टाकल्यासारखे. एक वारकरी आजोबा फेस हाताने बाजूला सारून ओंजळ भरत होते. आईने बराच वेळ पाहिले आणि ती म्हणाली, "आपल्या पावडरीला एवढा फेस कधी आला नाही बाई."

मी हसले, पण मला ते लागले. परत येताना गाडीत ती झोपली आणि मी हिशेब मांडत बसले. शेपटी सरळ आहे ना? मग फेस का?

उत्तर तसे सोपे आहे, आणि ते मला आधीपासून ठाऊक होते. नुसते वर्गात म्हणायचे राहिले होते. जंतू ही सरळ शेपटी खातात ती हवा असेल तर. शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत सांडपाण्यात हवा खेळवली, त्याला काही तास दिले, तर जवळजवळ सगळे द्रव्य संपते. शंभरातले पंचाण्णवाहून जास्त. पण ज्या पाण्यात प्राणवायूच उरलेला नाही, जे काळे, कुजके पाणी नाल्यातून थेट नदीत येते, तिथे ते फारसे पचत नाही. जर्मनीत आणि अमेरिकेत रेणूची शेपटी सरळ केली, तेव्हा तिथल्या शहरांचे सांडपाणी बऱ्याच अंशी शुद्धीकरण केंद्रातून जात होते. रेणू त्या केंद्रांसाठी दुरुस्त केला होता. आपण दुरुस्त केलेला रेणू आणला, पावडर आणली, यंत्रे आणली. केंद्रे अपुरी राहिली. पिंपरी-चिंचवडच्या परिसरातले घरांचे आणि कारखान्यांचे पाणी पुरते शुद्ध न होता इंद्रायणीत येते, ही तक्रार वारकरी आणि आळंदीकर वर्षानुवर्षे करत आहेत. दिल्लीत कालिंदी कुंजला यमुनेची हीच अवस्था छठपूजेच्या दिवसांत दरवर्षी छायाचित्रांतून दिसते. बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावातला फेस तर २०१५ मध्ये पेटला होता. पाण्यावरचा फेस पेटतो, यावर माझ्या विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नाही.

सगळा फेस धुण्याच्या द्रव्याचाच असतो असेही नाही. कुजणाऱ्या वनस्पती, मैला, काही जंतू हेही फेस धरतात. आणि फेस हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. फेस नसलेले पाणीही तितकेच घाण असू शकते, फक्त बंधारा नसल्यामुळे ते घुसळले जात नाही. पण मला राहून राहून आमची पडवी आठवत होती. ढिगात न शमलेला गोळा राहतो तसेच हे. काम शेवटच्या टप्प्याला अर्धवट सोडलेले, आणि ज्याने सोडले त्याच्या हाताला नव्हे तर खाली ओंजळ धरणाऱ्याला लागणारे.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या एका महिला बचत गटाने आईकडे निरोप पाठवला. भांडी घासायचे द्रव आणि धुण्याची पावडर करायची आहे, वही मिळेल का? वही माझ्याकडे असल्याने मलाच बोलावणे आले. मी गेले. त्यांच्याकडे निळा ड्रम येऊन पडला होता. त्याच्यावर मालाचे नाव होते, धोक्याचे चिन्ह होते, सूचनाही होत्या, पण साऱ्या इंग्रजीत. अकरा बायका होत्या, तीन जणींच्या पायात नुसत्या स्लिपर होत्या. पहिल्या दिवशी मी पावडर शिकवलीच नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट आणि दाराशी पाण्याचा नळ, त्याला जोडलेली रबरी नळी, एवढे आणवले. अंगावर उडाले तर काय करायचे हे प्रत्येकीकडून करून घेतले. एकीने विचारलेच, "मॅडम, ॲसिडावर सोडा टाकला तर चालंल न्हवं?" मी तिला आईचे छायाचित्र दाखवले, भाकरी थापतानाचे. बोटे त्यात स्पष्ट दिसतात. सोडा कुणी लावला तेही सांगितले. आई शेजारी खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "नववीतली पोर होती, तिला काय कळणार? ज्यांना कळत होतं त्यांनी सांगितलं नाही." अडतीस वर्षांत या विषयावर ती एवढेच बोलली.

गटाने डोलोमाइट घालायचे नाही असे ठरवले आहे. पावडर त्यामुळे जरा महाग पडते, पण कमी लागते. धुण्याचे पाणी कुठे जाते हेही मी त्यांना विचारले. बहुतेकींचे परड्यातल्या केळीला आणि अळूला, दोघींचे गटारात. गटारातले पुढे ओढ्याला, ओढ्याचे कृष्णेला. त्यावर आमची बरीच चर्चा झाली आणि शोषखड्ड्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचे ठरले. अर्ज दिला आहे. पंचायतीचे उत्तर अजून आलेले नाही.

परवा गटाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला. पावसाळी हवेत पावडरीचे खडे होताहेत, काय करावे? मी सांगू लागले तोवर आईने माझ्या हातून फोन घेतला. "रात्री पातळ पसरून ठेवा," ती सांगत होती, "सकाळी ऊन तापल्यावरच चाळा, आणि चाळताना खडा दिसला तर बोटानं चुरू नका, आधी मोडून बघा आत तपकिरी आहे का. आणि मोजे काढू नका हं."